बिनबटणाचा दिवा

"प्रेमिले, डबा सरळ धर वं! वरण गळून राहिलं!" लतिका मागून ओरडली.

प्रेमिलानं डबा सरळ केला, पण चढायची थांबली नाही. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानामागचा तो लाकडी जिना इतका अरुंद, की एका वेळी एकानंच चढावं. खाली गल्लीत हातगाड्या एकमेकींत अडकल्या होत्या, पितळी घागरींवर ठोकाठोक चालली होती, आणि मे महिन्याचं ऊन पत्र्यांवरून असं उलटून येत होतं की डोळे उघडवत नव्हते.

"लोक सुट्टीत मामाच्या गावाले आंबे खायले जातात!" गिरिधर धापा टाकत म्हणाला. "आपण डबे पोचवून राहिलो!"

"तुले कोणी बोलावलं होतं?" लतिका त्याची पाठची बहीण, ती कशाला सोडते! "तुले तो नवा कीबोर्ड पाहायचा आहे, म्हणून आला तू!"

"हाव! मंग?"

प्रेमिला हसली नाही. महिनाभर तिला हसूच आलं नव्हतं.

वरच्या माडीवर चंपतरावांच्या ऑर्केस्ट्राची तालीम चाले. प्रेमिलाचे बाबा, गोविंदा, तिथं कित्येक वर्षं गिटार वाजवत आले होते. पाचपावलीच्या वस्तीत कार्यक्रम असला आणि गोविंदाची गिटार आहे म्हटलं, की लोक सतरंजीवर पुढं सरकून बसत. मग एप्रिलातली जयंती आली. भर कार्यक्रमात, पहिल्याच गाण्याला, बाबा किंचाळले आणि उंच स्टेजवरून मागच्या मागं खाली कोसळले. उजवं मनगट मोडलं. हाड बसलं ते वाकडं बसलं. आता बोटं धड मिटत नव्हती, धड उघडत नव्हती.

पण खरा घाव पुढंच होता. "गोविंदा पिऊन आला होता," असं चंपतरावांनी चारचौघांत सांगितलं, आणि वस्तीनं ते ऐकून घेतलं. छप्पन्न साली आपल्या बापाचं बोट धरून दीक्षेला गेलेला गोविंदा! दारूला शिवणार नाही ही शपथ त्यानं दहा वर्षांचा असताना घेतली होती, आणि तेव्हापासून लग्नाच्या वरातीतसुद्धा कधी मोडली नव्हती.

"मले कोणीतरी धरून फेकलं," एवढंच बाबा सांगत राहिले.

"कोण फेकन गा? स्टेजवर तुह्याजवळ तं कोणीच नव्हतं!" लोक हसले. त्यानंतर बाबांनी बोलणंच सोडलं.

आता त्यांच्या जागी, त्यांचीच गिटार घेऊन, लहानू उभा राहत होता. नाव लहानू, पण प्रेमिलाचा तो मोठा भाऊ. मिसरूड नुकती फुटलेली. येत्या बुद्ध पौर्णिमेला त्याचा पहिला कार्यक्रम होता. त्याचाच हा डबा.

माडीवर शिरताच गिरिधर दारातच थबकला. "बाप्पा!"

खोलीच्या मधोमध गुडघ्याएवढा जुना गिटार ॲम्प्लिफायर. त्याच्या पाठीला दोन उंच स्पीकर जोडलेले. बाजूला एक सोडून दोन कीबोर्ड, त्यांच्यामध्ये एक जाड काळी वायर, आणि खाली घूं घूं करणारा एक छोटा ट्रान्सफॉर्मर. ह्या सगळ्यांच्या वायरींचं जाळं शेवटी त्या एकट्या ॲम्प्लिफायरमध्ये जाऊन घुसत होतं.

"या, या!" कीबोर्डवाला केशव खुशीत होता. "जादू पाहता का? हा कीबोर्ड इथं आहे ना? आता मी बोटं याच्यावर ठेवतो, आणि तुम्ही त्याच्याकडं पाहा!"

त्यानं इकडच्या पट्ट्या दाबल्या, आणि तिकडच्या कीबोर्डमधून सनईसारखा सूर निघाला. त्याला कोणी बोटही लावलं नव्हतं!

"भूत!" लतिका गिरिधरच्या मागं लपली.

"भूत नाही, मिडी म्हणतात याले! ह्या काळ्या वायरीतून एक दुसऱ्याले सांगते, आता हा सूर वाजव. माझा भाऊ मस्कतले असते ना, त्यानं जपानी माल पाठवला. जपानची लाईट अर्धी, आपली दुप्पट, म्हणून मधात हा ट्रान्सफॉर्मर."

"आणि सगळं गिटारच्याच मशीनले जोडलं?" गिरिधरनं विचारलं. इस्त्र्या आणि रेडिओ उघडून बसायचा त्याला भारी नाद.

"दुसरी मशीन कोण देते? पहिल्यांदा जोडलं तेव्हा घुर्रर्र असा आवाज सुरू झाला. गाणं ऐकू येईना! चंपतराव मालक भल्ले चिडले. पण जयंतीच्या आदल्या दिवशी त्यांनी काहीतरी केलं, आणि आवाज एकदम बंद! काय केलं ते काही सांगितलं नाही गड्यानं."

लहानू जेवायला बसला होता. भिंतीला टेकून ठेवलेली बाबांची गिटार प्रेमिलानं उचलली. तिला वाजवता येत नव्हतं, पण ती धरली की बाबांच्या खांद्याला टेकल्यासारखं वाटायचं. तारांवर हात ठेवून ती खिडकीशी गेली आणि तिनं लोखंडी गजाला धरलं.

"आई गं!"

तिनं झटकन हात मागं घेतला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या.

"काय झालं वं?"

"चावली! गिटार चावली!"

"आमचा कूलर असाच चावते!" लतिका हसली. "पाणी भरताना टाकीले हात लागला की चट्कन! आई ओरडते, चप्पल घालून जात जा, नाही तं…"

बोलता बोलता ती थांबली. गिरिधरनं तिच्याकडं पाहिलं, मग प्रेमिलाकडं. नागपुरातल्या कोणत्या पोराला कूलरचा करंट माहीत नाही! पण गिटारीत करंट?

"कोणीतरी धरून फेकलं," प्रेमिला पुटपुटली.

त्या दिवशी संध्याकाळी बाबा नेहमीसारखे भिंतीला पाठ लावून बसले होते. समोर पाण्याचा पेला. उजवी बोटं त्याच्याभोवती वळवायचा प्रयत्न करायचे, पेला कलंडायचा, ते परत उभा करायचे. माय, भीमाबाई, चुलीशी बसून हे पाहायची. प्रेमिला बाबांच्या जवळ जाऊन बसली.

"बाबा, त्या दिवशी पायात चप्पल होती?"

"मूर्तीसमोर चप्पल घालून कोण चढते?"

"स्टेज ओलं होतं?"

बाबांनी पेला बाजूला सरकवला. "पाहुण्यांसाठी कूलर ठेवला होता. त्याचं पाणी गळून राहिलं होतं."

"आणि पडायच्या आधी हात कुठी होते तुमचे?"

"डावा तारांवर. उजव्या हातानं मी माईक जवळ ओढून राहिलो होतो, आणि…" ते अडखळले. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांनी लेकीच्या डोळ्यांत पाहिलं. "काहून विचारते?"

"उगाच," प्रेमिला म्हणाली. पुरावा हातात नसताना बाबांना आशा दाखवायची तिची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिघंही डबा घेऊन निघाली. गिरिधरच्या खिशात टेस्टर होता. जेवणं झाली, ऊन चढलं, आणि माडीवरची सगळी मंडळी बाहेरच्या खोलीत कूलरपुढं आडवी झाली. चंपतरावांचं घोरणं तर थेट जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

"सिंह झोपला आहे. चाला!" लतिकानं कुजबुजत इशारा दिला आणि दारात पहाऱ्याला उभी राहिली.

मशीन चालूच होती. गिरिधरनं रबरी चप्पल नीट पायात सरकवली, टेस्टरची मूठ धरली आणि टोक अलगद गिटारच्या तारेला टेकवलं. टेस्टरच्या पोटात केशरी ठिणगी पेटली आणि तशीच जळत राहिली.

प्रेमिलाला वाटलं, कुणीतरी आपल्याकडं डोळा उघडून पाहतंय.

गिरिधरनं भिंतीवरचं बटण बंद केलं, ॲम्प्लिफायरची पिन बाहेर काढली आणि तिचे स्क्रू फिरवले. आत तीन वायरींच्या जागा होत्या. लाल जागेवर होती, काळी जागेवर होती. तिसरी, हिरवी वायर कात्रीनं कापून, काळी पट्टी गुंडाळून मागं दुमडली होती.

"अर्थिंग!" गिरिधरचा आवाज चिरकला. "आतमधी कुठी करंट गळला तं ह्या वायरीनं तो जमिनीत जाते. हीच कापली की आवाज बंद होते, पण गळलेला करंट मशीनमधीच बसून राहते. मंग मशीनचा पत्रा, पत्र्याची वायर, गिटारच्या तारा…"

"आणि माईकवाल्याची मशीन वेगळी," प्रेमिला सावकाश म्हणाली. "तिचं अर्थिंग चांगलं असन. एका हातात तार, दुसऱ्या हातात माईक, पाय ओले. मधात बाबा."

"पळा!" लतिका कुजबुजली. पण उशीर झाला होता.

"काय करून राहिले रे, पोट्टेहो?" चंपतराव दारात उभे होते. डोळे झोपेनं लाल, हातात पंचा.

प्रेमिला मागं सरली नाही. "काका, पिनेतली हिरवी वायर कापलेली आहे. गिटारमधी करंट येते. बाबाले त्यानंच फेकलं."

क्षणभर, एकच क्षण, चंपतरावांचा चेहरा उतरला. ओठ हलले. मग त्यांनी गिरिधरच्या हातातून टेस्टर हिसकावला.

"बापाचं पाप झाकाले गोष्टी रचते का? इतके प्रोग्रॅम झाले ह्या मशीनवर, कोणाले कधी काही झालं नाही! लहानू! ए लहानू! इकडं ये! तुह्या बहिणीले समजाव, नाही तं पौर्णिमेले दुसरा गिटारवाला आणतो!"

लहानूनं तिघांना जिन्याखाली आणलं. त्याचा चेहरा काळवंडला होता.

"दादा, तू त्या माईकले हात लावू नोको! टेस्टर पेटला रे! आम्ही डोळ्यानं पाह्यलं!"

"जुनी मशीन आहे. जराशा मुंग्या येतात. मले काही होत नाही."

"वर लाकडाच्या फळ्या आहेत, तुह्या पायात चप्पल आहे! स्टेजवर?"

"प्रेमिले!" लहानूचा आवाज फुटला. "बाबाची जागा गेली. आता माहीही घालवते का? घरी पैसे कोण आणन?" तो वळला आणि जिना चढून गेला.

गल्लीत ऊन तसंच होतं. पितळेचा ठोका तसाच पडत होता. प्रेमिला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि तिनं गुडघ्यात तोंड घातलं.

"चाल, देवराव आबाजीले सांगू," लतिकानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "उत्सवाच्या समितीचे मुख्य तेच आहेत ना?"

देवराव मैदानावर मंडप उभारून घेत होते. वस्तीत त्यांचा शब्द खाली पडत नसे. पण चंपतराव सायकलवरून ह्या तिघांच्या आधी पोचले होते.

"पोरी," देवराव थकलेल्या आवाजात म्हणाले, "बापासाठी जीव तुटते, समजते मले. पण चंपतनं सांगितलं सगळं. आता सणाच्या तोंडावर भांडण नोको. पोट्ट्यांचा कार्यक्रम सुरुवातीलेच ठेवला आहे. नाच बसवा, गाणं म्हणा. जा."

तिघं मंडपाच्या बाहेर आली. वारा सुटला होता आणि धुळीनं नाकतोंड भरलं होतं.

"एक सोपा उपाय आहे," गिरिधर म्हणाला. "पौर्णिमेच्या दिवशी सामान मैदानावर येईन. गर्दीत मी पिन उघडतो, हिरवी वायर जोडून देतो. लहानूदादा वाचला!"

मंडपाच्या खांबावर कोणीतरी खिळा ठोकत होतं.

"दादा वाचन," प्रेमिला म्हणाली. "आणि बाबा? उद्या वायर जोडलेली दिसली तं कोण म्हणन की ती कापलेली होती? बाबा जन्मभर दारुडेच राहतीन."

"मंग?"

"सगळ्यांले दिसलं पाहिजे. एकदम. सगळ्यांच्या समोर."

"चंपतकाका आपल्याले स्टेजवर पाय ठेवू देतीन का?" गिरिधर वैतागला.

"देतीन!" लतिका ताडकन उभी राहिली. तिचे डोळे चमकत होते. "आबाजी काय म्हणाले आता? पोट्ट्यांचा कार्यक्रम सुरुवातीलेच! आपण जादू करू! बटण न दाबता दिवा लावायची जादू!"

गिरिधर तिच्याकडं पाहतच राहिला. "लतिके, पहिल्यांदा तुह्या डोक्यातून काहीतरी निघालं!"

"पहिल्यांदा काहून? नेहमीच निघते! तू ऐकत नाही!"

पौर्णिमेच्या संध्याकाळी मैदान भरून गेलं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, स्टेजवर मूर्तीपुढं मेणबत्त्या. पाहुण्यांच्या खुर्च्यांशेजारी भलामोठा कूलर धडधडत होता आणि त्याचं पाणी फळ्यांवर ओघळत होतं. प्रेमिलानं ते पाहिलं. माय मैदानाच्या कडेला उभी होती, आणि तिच्या मागं, लोकांपासून दूर, बाबा. लेकाचा पहिला कार्यक्रम म्हणून मायनं त्यांना ओढत आणलं होतं. त्यांच्या आसपास कोणी उभं नव्हतं.

पडद्याआड तिघंही तयार होती. गिरिधरच्या हातात होल्डरमध्ये बसवलेला बल्ब, होल्डरला दोन लांब वायरी, आणि बगलेत घरून आणलेला कोरडा लाकडी पाट. स्टेजवर चप्पल घालता येत नाही, पण जादूगाराला पाटावर उभं राहायला कोण हरकत घेतो?

"आता आपल्या वस्तीतली मुलं…" देवरावांनी सुरुवात केली.

"जरासं थांबा, आबाजी!" चंपतराव मध्येच म्हणाले. "त्याच्या आधी आवाज तपासून घेऊ. लहानू, जा गा, माईक पाहून घे!"

हे पोरांच्या योजनेत नव्हतं! अनवाणी लहानू गळ्यात गिटार घेऊन पुढं निघाला. त्याची पावलं ओल्या फळ्यांवर उमटत होती. डावा हात तारांवर. उजवा हात माईककडं निघालेला.

"दादा!"

प्रेमिला कधी धावली ते तिलाही कळलं नाही. तिनं मागून त्याच्या सदऱ्याची टोकं धरली आणि सगळं अंग टाकून ओढलं. लहानू दोन पावलं मागं भेलकांडला. सदरा टरकन फाटला. पुढच्या रांगेतली मंडळी हसली.

"ह्या पोरीले कोणी खाली उतरवा!" चंपतराव गरजले.

"मायबापहो!" लतिका माईकला हात न लावता, बेंबीच्या देठापासून ओरडली. "आधी जादू! बटण न दाबता दिवा लावायची जादू! कोणाले पाहायची आहे?"

"आम्हाले! आम्हाले!" मैदानातली सगळी पोरं एका सुरात ओरडली, आणि शिट्ट्या सुरू झाल्या. आता त्यांना कोण अडवणार? देवराव हसून म्हणाले, "होऊ दे, चंपत. दोन मिनिटांचा खेळ."

"दादा, गिटार त्या खुर्चीवर ठेव आणि दूर हो," प्रेमिला हळूच म्हणाली. "माह्यासाठी. एवढं एकदा."

लहानूनं फाटक्या सदऱ्याकडं पाहिलं, बहिणीच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि गिटार खुर्चीवर ठेवली.

गिरिधर पाटावर चढला. एका वायरीचं उघडं टोक त्यानं माईकच्या लोखंडी दांड्याला टेकवून बांधलं. दुसऱ्या वायरीला फक्त वरच्या रबरावर धरून तो गिटारकडं वाकला. चंपतरावांना आता काय होतंय ते उमगलं. "अरे थांब!" ते ओरडले. पण टोक तारेला लागलं होतं.

बल्ब पेटला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा रे पोट्ट्या!" कोणीतरी ओरडलं. गिरिधरनं वायर उचलली, बल्ब विझला. टेकवली, पेटला. परत विझला, परत पेटला. टाळ्या वाढत गेल्या. आणि मग, एकेका रांगेतून, त्या कमी होऊ लागल्या. कारण स्टेजवरची मुलगी हसत नव्हती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"ही जादू नाही," प्रेमिला म्हणाली. मैदान एवढं शांत झालं होतं की तिला ओरडावं लागलं नाही. "हा गिटारमधला करंट आहे. जयंतीले ह्या तारेवर माह्या बाबाचा एक हात होता आणि दुसरा हात माईकवर. पाय ओले होते. हा दिवा आहे ना, याच्या जागी बाबा होते. बाबा दारू पेले नव्हते."

कूलर तेवढा धडधडत राहिला.

देवराव खुर्चीवरून उठले. वळून माईकवाल्याला म्हणाले, "आधी सगळी लाईन बंद कर. गिरिधर, ती पिन काढ. उघड."

हिरव्या वायरीचं कापलेलं टोक त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं, काळी पट्टी सोडवली आणि चंपतरावांपुढं धरलं.

"हे कोणी केलं?"

चंपतराव खाली बसले. "घुर्र आवाज येत होता, आबाजी. सगळी मशीनं एकाले जोडली, तं आवाज. जयंती दुसऱ्या दिवशी. मले वाटलं, एक वायर तं आहे." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "गोविंदा पडला तेव्हा मले समजलं. पण ऑर्केस्ट्रा बंद पडला असता."

"म्हणून त्याच्या शपथेवर थुंकला तू," देवराव म्हणाले. "आणि आज त्याच्या पोरालेही तिथंच उभा करून राहिला होता."

चंपतरावांनी पंचा तोंडावर ओढला.

देवराव स्टेजच्या पायऱ्या उतरले. त्यांचं वय झालं होतं, सावकाश उतरले. गर्दी बाजूला होत गेली आणि ते मैदानाच्या कडेला, बाबांसमोर जाऊन उभे राहिले.

"गोविंदा, तुह्या बापासोबत मी होतो त्या दिवशी दीक्षेले. तू घेतलेली शपथ मी ऐकली होती. तरीही मी चंपतचं ऐकलं. माफ कर गा." त्यांनी हात जोडले. मग ते वळून मोठ्यानं म्हणाले, "ह्या तीन पोट्ट्यांनी आज एक जीव वाचवला, आणि एका माणसाची अब्रू परत आणली. आम्ही म्हातारे कान देऊन बसलो होतो, यांनी डोळे उघडे ठेवले. शाबास रे बाळांनो, शाबास!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण मघासारख्या नाही. कितीतरी माना खाली होत्या. लतिकाची आई लोकांना सांगत सुटली होती, "माही पोरगी हो ती! आणि तो पाट आमच्या घरचा!" गिरिधर मात्र अजून पिनेचे सुटे स्क्रू मुठीत धरून पाटाशी उभा होता.

लहानू बाबांपुढं जाऊन उभा राहिला. बाबांनी डाव्या हातानं त्याचा फाटका सदरा सारखा केला.

हिरवी वायर जोडून पाहिली, तर पिन लावताच फ्यूज उडाला. करंट गळत होता तो केशवच्या ट्रान्सफॉर्मरमधून. त्यानं तो मुकाट्यानं उपटून बाजूला ठेवला, दोन्ही कीबोर्ड बंद केले, आणि नवा फ्यूज टाकून गिरिधरनं बल्ब पुन्हा लावून पाहिला. तो पेटला नाही. तेव्हा कुठं लहानू उभा राहिला. त्या रात्री गाणी साधीच झाली.

दुसऱ्या आठवड्यात देवराव स्वतः बाबांना हाडाच्या मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. चंपतरावही सोबत होते, रिक्षात एका कोपऱ्यात बसून. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला, फोटो उजेडात धरला. फार उशीर झाला, म्हणाले. पेला धरता येईल. जेवता येईल. बारीक काम जमणार नाही.

घरी आल्यावर बाबा भिंतीला पाठ लावून बसले. मायनं चहा ठेवला, तो निवून गेला. वस्तीतले लोक एकेक करून येत होते, दारातूनच "कसा आहे गा, गोविंदा?" विचारत होते, आणि कुठं पाहावं ते न कळून परत जात होते.

ऊन उतरल्यावर बाबा म्हणाले, "प्रेमिले, जरा गिटार आण."

तिनं ती त्यांच्या मांडीवर ठेवली. मशीन नाही, वायर नाही, नुसती गिटार. डाव्या हाताची बोटं आपोआप तारांवर चढली आणि जागच्या जागी बसली, जणू महिनाभर कुठं गेलीच नव्हती. उजवा हात तसाच मांडीवर पडून राहिला.

"इकडं बस," ते म्हणाले. "माह्या उजव्या बाजूनं. मी सूर धरतो. तू छेड."

"मले येत नाही, बाबा."

"मलेही आता येत नाही. छेड."

तिनं अंगठ्यानं तार ओढली. सूर बेसूर निघाला, पत्र्यासारखा. बाबांनी बोट जरा सरकवलं आणि मान हलवली, म्हणजे परत. ती परत छेडत राहिली. दारात लहानू येऊन उभा राहिला होता. चुलीपुढं बसलेल्या मायनं तोंडाला पदर लावला. पाचव्या की सहाव्या वेळेला एक सूर नीट लागला आणि त्या छोट्या खोलीत थोडा वेळ टिकला.

"हाव," बाबा म्हणाले. "आता दुसरा."